वीतभर जास्त

चौसष्ट

दुकानातल्या मुलीनं तीन टॅब काउंटरवर ओळीनं मांडले. तिन्ही दिसायला एका आईची लेकरं. तोच काळा काचेचा चेहरा, तीच जाडी, तेच वजन. फरक म्हणे आत किती मावतं एवढाच. चौसष्ट जीबी, एकशे अठ्ठावीस, दोनशे छप्पन.

भोंग्यानं पहिल्यावर बोट ठेवलं आणि घोगऱ्या आवाजात सांगितलं, हा पुष्कळ झाला.

भोंगा हे त्याचं खरं नाव नव्हे. बसस्टँडवरच्या अनाउन्सरच्या खोलीत त्यानं उभी हयात काढली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, कुठली येणारच नाही, हे सगळ्या गावाला त्याच्याच तोंडून कळायचं. म्हणून ड्रायव्हर-कंडक्टरांनी त्याला हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. घरी मात्र कुणी त्याला भोंगा म्हणत नसे. घरी होतंच कोण? एक बायको. ती त्याला 'अहो' म्हणायची, तो तिला 'अगं' म्हणायचा, आणि एवढ्यावर संसार झाला होता. गल्लीतले लोक तिला पडदेवाल्या काकू म्हणत, कारण खिडकीशी मशीन लावून ती लोकांचे पडदे शिवायची.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की भोंग्याचं स्वरयंत्र काढावं लागणार. जीव वाचेल, आवाज जाईल. आवाज असतानाही घरी तो फारसा कुठे बोलायचा? मग दवाखान्यातल्या स्पीचवाल्या मॅडमनी त्या दोघांना बसवून समजावलं. ऑपरेशनला अजून वेळ आहे, तोवर एखादा टॅब घ्या. त्यात यांचा आवाज भरून ठेवा. घरात लागणारे शब्द, वाक्यं, हसणं, रागावणं, जे सुचेल ते. नंतर बटण दाबलं की यांच्याच आवाजात येईल. मॅडमनी भोंग्याला पुनःपुन्हा बजावलं, घरी बोलता तसं बोला. भोंग्यानं मान डोलावली. बोलणं रेकॉर्ड कसं करायचं, हे त्याला कुणी शिकवावं म्हणजे माशाला पोहायला शिकवण्यासारखं होतं.

तर, चौसष्ट. भोंग्याचं म्हणणं असं की स्टँडवरच्या यंत्रात त्यानं सगळी गावं भरली होती, सगळे आकडे, सगळे फलाट, आणि ते सगळं नखाएवढ्या चिपमध्ये मावलं होतं. यंत्र लागणारे तुकडे उचलतं आणि जोडतं. बोलायला जागा लागत नाही, जोडायची अक्कल लागते. वर त्यानं अंथरूण पाहून पाय पसरावेत हेही ऐकवलं.

दुकानातली मुलगी म्हणाली, काका बरोबर सांगतायत. आवाज फार जागा खात नाही, खातात ते व्हिडिओ. व्हिडिओ काढणार आहात का?

भोंग्यानं मानेनंच नाही म्हटलं. त्याला स्वतःचं तोंड बघायची हौस कधीच नव्हती.

एकशे अठ्ठावीस

मुलगी म्हणाली की बहुतेक लोक मधला घेतात.

मधला कुणी हातातही घेतला नाही.

दोनशे छप्पन

काकू तिसऱ्यावरून बोट हलवेना.

तिच्या धंद्याचा एक नियम होता. गिऱ्हाइकानं खिडकीचं माप काहीही आणलेलं असो, कापड लांबीला वीतभर जास्त घ्यायचं. पहिल्या धुण्यात कापड आटतं. जास्तीचं आत दुमडून टाकता येतं, कमी पडलेलं कुठून आणणार? पडद्याखालून उघडी राहिलेली खिडकी आयुष्यभर तुम्हाला नावं ठेवते. हा नियम तिनं दुकानातल्या मुलीला सांगितला. मुलीनं अदबीनं ऐकून घेतला आणि पुन्हा म्हणाली की काकू, आवाजाला खरंच इतकं लागत नाही.

भोंगा काउंटरवर बोटं वाजवायला लागला. बाजारात तुरी, तसं चाललं होतं त्या दोघांचं. टॅब अजून घरी आला नव्हता आणि तो भरला की काय करायचं यावरून वाद.

काकूच्या मनात खरं काय होतं ते कापडाचं नव्हतंच. तिला त्याची एक सवय ठाऊक होती. नोकरीच्या सुरुवातीला स्टँडवरच्या जुन्या यंत्रात त्याचा एक खराब टेक राहून गेला होता. टेक म्हणजे एका दमात रेकॉर्ड केलेला तुकडा. त्या टेकमध्ये गाडीचं नाव घेता घेता तो शिंकला होता आणि शिंकेला एक शिवी हासडली होती. ती शिवी भर दुपारी सगळ्या फलाटांवर वाजली. प्रवासी हसून लोळले, ड्रायव्हरांनी पुढं कित्येक महिने त्याला शिंकूनच हाक मारली आणि साहेबांनी नोटीस काढली. तेव्हापासून तुकडा जरा बिघडला, खोकला आला, दार वाजलं, की तो जागच्या जागी पुसायचा. पुसलेलं ज्या टोपलीत जाऊन पडतं ती टोपलीही रिकामी करायचा. केर घरात ठेवू नये, म्हणायचा.

म्हणून काकूनं तो मोठा टॅब दोन्ही हातांनी धरला आणि मुलीसमोरच त्याला म्हणाली, "अहो, लहान घेतला तर तुम्ही जागेचं निमित्त करून पुसाल. मला काहीसुद्धा पुसायला नकोय. खोकलात तरी राहू दे. माझ्यावर खेकसलात तरी राहू दे."

"खेकसतो कधी मी?"

"खेकसाल. इतकं बोलायला लागलं की खेकसाल."

मुलीला हसू आलं. भोंगाही गालातल्या गालात हसला, आणि हसताना त्याचा आवाज फाटला, तसा तो गळ्याला हात लावून थांबला. मग म्हणाला, "बरं. मोठा घे. नाही पुसत."

एवढा शब्द त्यानं दिला. मुलीनं बाकीचे दोन टॅब उचलून कपाटात ठेवले.

वापरलेली जागा

सकाळी त्याचा आवाज त्यातल्या त्यात स्वच्छ असायचा. तो आतल्या खोलीचं दार लावून घ्यायचा, खिडकीला काकूनं जाड अस्तराचा पडदा लावून दिला होता, आणि टॅब उशीला टेकवून समोर बसायचा. काकूनं मशीन बंद ठेवलं. मशीनची घरघर आत जाते, असं तो म्हणाला होता. गिऱ्हाइकं खोळंबली. ती जिन्याच्या पायरीवर बसून हातानं दुमडी घालायची आणि दाराआडून जे येईल ते ऐकायची.

दाराआडून येत होतं ते असं.

*चहा.*
*चहा.*
*पाणी.*
*पाणी.*
*हवा आहे.*
*हवी आहे.*
*नको आहे.*
*दुखत आहे.*
*थोड्याच वेळात.*

प्रत्येक सुटा शब्द दोनदा, एकदा चढता, एकदा उतरता. चढता वाक्याच्या मध्ये बसतो, उतरता शेवटी. हे त्याच्या धंद्याचं साधं गणित होतं. तुकडे असे सुटे आणि कोरडे म्हटले तरच नंतर कुठलाही कुठल्याही तुकड्याला जोडता येतो. एका तुकड्यात जरी राग किंवा लाड आला, तरी शेजारच्या तुकड्याशी त्याचं जमत नाही, सांधा दिसतो.

काकूला पहिल्या दिवशी हसू आलं. शेजारीण जिन्यावरून जाताना थबकली आणि विचारलं, आत कुणाला चहा देताय का इतका? काकू म्हणाली, दोनदा मागतायत, एक मला असेल.

तिला वाटलं, ही सुरुवात. आधी सुटे शब्द, मग वाक्यं, मग बोलणं. पडद्याला आधी चुण्या घालायच्या, मग कड्या लावायच्या.

मधूनमधून ती दार ढकलायची. कधी कोमट पाणी द्यायला, कधी उगाच. दार वाजलं की तो चालू टेकमध्येच म्हणायचा, "अगं, दार." किंवा, "अगं, चालू आहे ना." एकदा ती सुई शोधत आत शिरली आणि त्यानं मान न वळवता विचारलं, "अगं, तूच आहेस ना?" दुसरं कोण असणार होतं? पण ती दाराबाहेर आली तेव्हा तिला वेगळाच आनंद झाला होता. टॅब चालू होता, ते सगळं आत गेलं होतं. मोठा घेतल्याचं सार्थक झालं, असं ती मनाशी म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम दोनदा दार ढकललं.

दर वेळी, दार बंद झालं, की आतून दोन बारीक आवाज यायचे. आधी टक. मग जरा लांबट, कागद चुरगळल्यासारखा. तिला वाटायचं, टॅब तसा वाजतो.

मग ऑपरेशनची तारीख आली, आणि आदल्या संध्याकाळी दवाखान्यात नर्सनं तिला बाहेर थांबायला सांगितलं, तेव्हा त्यानं खाटेवरून म्हटलं, "अगं, जेवून घे," आणि ती म्हणाली, "हो," आणि

शिल्लक जागा

गळ्याला आता भोक होतं. श्वास तिथून यायचा. ओठ हलायचे, पण त्यांच्यामागे काही नसायचं.

टॅब छान बोलायचा. त्यात खोट काढायला जागा नव्हती. भोंग्याची बोटं काचेवर झरझर फिरायची आणि आवाज यायचा, त्याचाच, भरदार आणि स्वच्छ, आजाराच्या आधीचा वाटावा इतका.

"चहा. हवा आहे."

"देते. साखर कमी घालू?"

"साखर. कमी."

"दुखतंय का हो फार?"

"दुखणे. थोड्याच वेळात. कमी होईल."

काकू चुलीकडे वळायची आणि तिला वाटायचं की आपण फलाटावर उभ्या आहोत. गाडी उशिरा येणार आहे, आणि सांगणाऱ्याला आपण कोण ते माहीत नाही. दुखणं कमी होईल, हे त्यानं तिला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना सांगितलं होतं.

तिला बोलवायचं झालं की तो एकच बटण दाबायचा.

"कृपया लक्ष द्या."

पहिल्यांदा ती हसली. दुसऱ्यांदाही हसली. मग एकदा भांडी घासता घासता ते ऐकू आलं आणि तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. तिच्या ध्यानात आलं की दवाखान्यातून आल्यापासून तिला कुणी 'अगं' म्हटलेलं नाही.

हात पुसून ती त्याच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, "अहो, ते 'अगं'चं बटण कुठंय? ते दाबत जा ना."

त्यानं मान हलवली. नाही.

"नाही म्हणजे? भरलंच नाही?"

त्यानं काचेवर बोटानं लिहिलं. हळूहळू लिहिलं, कारण लिहिण्याची त्याला सवय नव्हती. *बसून म्हणून पाहिलं. समोर कुणी नसलं की म्हणता येत नाही. खोटं वाटत होतं.*

हे तिला पटलं. रिकाम्या खोलीत भिंतीला 'अगं' कोण म्हणेल? उलट तिचा जीव भांड्यात पडला, कारण तिच्याकडे उत्तर तयार होतं. "पण मी दार ढकललं तेव्हा म्हणालात ना? तेव्हा तर चालू होता टॅब. 'अगं, तूच आहेस ना', असं म्हणालात. ते काढा ना. त्यातलं एक घ्या."

भोंग्यानं वर पाहिलं नाही.

तो आता काही जोडेल, काही लिहील, म्हणून ती वाट पाहत राहिली. तो बोटानं पांघरुणाचा एक दोरा काढत बसला. मग लिहिलं. *दाराचा आवाज आला होता.* मग त्याखाली आणखी लिहिलं. *खराब होते.*

ती ओरडली नाही. ओरडायचं तर दोघांनी ओरडावं लागतं. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, एवढंच तिच्या मनात आलं आणि तेही तिनं गिळलं. त्यानं दुकानात शब्द दिला होता, आणि तो मोडताना त्याला कळलंही नसेल. त्याच्या लेखी त्यानं काहीच पुसलं नव्हतं. केर काढला होता.

तरी दुसऱ्या दिवशी ती टॅब पिशवीत घालून दुकानात गेली. तीच मुलगी होती. मुलीनं ओळखलं, काकांची चौकशी केली. काकूनं सांगितलं की चुकून काही पुसलं गेलंय, ते परत आणायचंय. मुलगी म्हणाली, त्यात काय, पुसलेलं आधी टोपलीतच जातं. तिनं टोपली उघडली. मग आणखी कुठं कुठं बोटं फिरवली. 

"काका टापटीप आहेत फार," ती म्हणाली. "टोपलीपण रिकामी केलीय. दर वेळी." दार बंद झालं की आतून येणारे ते दोन बारीक आवाज कसले, हे काकूला आत्ता कळलं.

तिनं काकूला एक लांबट पट्टी दाखवली. टॅबमध्ये किती भरलंय आणि किती मोकळं आहे, त्याची. पट्टीच्या एका टोकाला नखानं खरवडल्यासारखी रेघ होती. ती रेघ म्हणजे टॅबचं स्वतःचं सामान आणि भोंग्याचा आवाज, दोन्ही मिळून. बाकी सगळी पट्टी कोरी.

मुलगी वाईट नव्हती. तिला खरंच नवल वाटलं, म्हणून ती बोलून गेली. "एवढी जागा होती, काकू. पुसायची गरजच नव्हती."

काकू म्हणाली, "हो ना."

घरी जायला तिला बस पकडायची होती. स्टँडवर ती बाकावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन.

"प्रवाशांनी. कृपया लक्ष द्या."

तो अजून तिथंच होता. वरच्या कर्ण्यातून बोलत होता, सगळ्यांशी, एकाच मापानं. शेजारच्या बाईनं पोराला गप्प केलं आणि कान दिला. एक म्हातारा फलाटाचा नंबर पुटपुटत उठला. तुकडे एकमेकांना असे जोडलेले की सांधा कुठं दिसू नये. काकूनं डोळे मिटून शोध घेतला. ह्यात घरचा माणूस कुठं आहे, एखाद्या शब्दाच्या शेपटीत तरी? ती ओळखीचं काहीतरी पकडायला गेली आणि तिच्या लक्षात आलं की मांडीवरच्या पिशवीत आहे तेही हेच आहे. जे ह्या म्हाताऱ्याला मिळतं, ह्या पोराला मिळतं, तेवढंच तिनं दोनशे छप्पनमध्ये भरून घरी नेलं होतं. वीतभरही जास्त नाही.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण आडात होतं. हीच तर गोष्ट होती. आडात होतं, आणि बादली भरून वर आली होती, आणि त्यानं बादली स्वच्छ धुऊन पालथी घातली होती.

जोड

तिनं त्याला काही सांगितलं नाही. टॅब त्याच्या उशाशी ठेवला आणि मशीनवर बसली. खोळंबलेले पडदे पुष्कळ होते.

पण तो कच्चा गडी नव्हता. तिचा चेहरा त्यानं वाचला असणार. त्या दुपारपासून तो टॅबवर वाकून बसला. जेवायला उठला, पुन्हा बसला. कानाला वायर लावून काही ऐकायचा, काचेवर चिमटीनं काही ओढायचा, पुन्हा ऐकायचा. काकूला मशीनवरून तिरकं दिसायचं. तिला वाटलं, काही खेळ खेळत असतील. खेळू दे. जीव रमला तर बरंच.

तो काय करत होता ते तिला नंतर कळलं. त्यानं भरलेल्या शब्दांमधून एक 'अ' काढला, 'अजून'च्या तोंडाचा. कुठून तरी एक 'गं' काढला, 'गंभीर' की 'गंज', देव जाणे. दोन्हीच्या कडा तासल्या. मधली श्वासाची फट बुजवली. हे काम त्याला जगात कुणाहूनही चांगलं यायचं. दोन दिवस तो त्यावर बसला होता. मापाला माप लावून, आवाजाला आवाज जुळवून.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू खिडकीशी पाठमोरी उभी होती. एका लांब पडद्याच्या कड्या लावणं चाललं होतं. दोन कड्या तोंडात धरल्या होत्या.

मागून आवाज आला.

"अगं."

स्वच्छ. भरदार. सांधा शोधूनही सापडला नसता.

तिनं मान वळवली नाही. आवाज तिच्या कानावर पडला, पण कानाखाली उतरला नाही. शेजाऱ्याकडे कुणी कुणाला बोलावतं, आपण आपलं काम करत राहतो, तसं झालं. तिनं तोंडातली एक कडी काढून पडद्यात ओवली.

"अगं."

तोच. तेवढ्याच लांबीचा, तेवढ्याच उंचीचा. दोन वेळा हाक मारणारा माणूस दुसऱ्यांदा जरा वैतागतो, जरा जोर लावतो. ह्यात तसं काहीच नव्हतं. तिनं दुसरी कडी ओवली. आणि आत्ता कुठं तिला कळलं, हे कुणी केलं, कसं केलं आणि का केलं. दोन दिवस तो वायर लावून कशावर वाकला होता, ते कळलं. कळूनही तिचे पाय हलेनात. वळायला हवं होतं. वळून हसायला हवं होतं. वा, जमलं की हो, असं म्हणायला हवं होतं, एवढंही एका माणसानं दुसऱ्यासाठी करू नये का? ती पडद्याची दुमड दोन्ही हातांत घट्ट धरून तशीच उभी राहिली. जो 'अगं' तिचा होता तो दाराच्या आवाजासकट होता. तो भांड्यांच्या आवाजात, मशीनच्या घरघरीत, अर्धवट, तोंडात घास असताना म्हटलेला होता. असा कोरा 'अगं' तिला कधी कुणी म्हटला नव्हता. तिला हाक मारलीच नव्हती.

मागं ऐकू येत होता गळ्यातल्या भोकातून ये-जा करणारा श्वास तेवढा.

मग, टक.

आणि मग लगेच, जरा लांबट, कागद चुरगळल्यासारखा.

त्या आवाजाला मात्र तिनं मान वळवली.